तालीम: कोल्हापूरची आणि रॉबेन बेटावरची

मी दोन भाषा शिकवते आणि त्या दोन भाषांमध्ये एक शब्द असा आहे की तो दर वर्षी वर्गात गोंधळ घालतो. तो शब्द म्हणजे तालीम. उर्दूच्या तासाला फळ्यावर लिहिला की त्याचा अर्थ शिक्षण. मूळ अरबी, इल्मच्या घराण्यातला. शिकवणारा तो मुअल्लिम, तोही याच घरचा. पण पुढच्याच तासाला मराठीचं पुस्तक उघडलं की तालीम म्हणजे लाल माती, दंडबैठका, लंगोट. आणि आमच्या कोल्हापूरकडे तर तालीम म्हटलं की पोरांच्या डोळ्यांपुढे सरळ फुटबॉलच येतो. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम. शाहू स्टेडियमवर यांचा सामना असला की अर्धा वर्ग रिकामा. कुस्तीच्या आखाड्यांनी फुटबॉलचे संघ काढले आणि आखाड्याचं नाव संघाला राहिलं, अशी ही गंमत.

एका मुलाने विचारलं होतं, "टीचर, मग खरा अर्थ कोणता?"

मी म्हटलं, दोन्ही. उत्तर बरोबर होतं, पण देताना मन खात होतं. कारण जानेवारी लागला की दहावीचा पीटीचा तास माझ्याकडे येतो. येतो म्हणजे मीच मागून घेते. पोर्शन संपवायचा असतो. मुलं खिडकीतून मैदानाकडे बघत असतात आणि मी अलंकार शिकवत असते. बी.एड.ला असताना 'सर्वांगीण विकास' या विषयावर मी दहा पानी उत्तर लिहिलं होतं, चांगले गुणही पडले होते.

शाहू महाराजांना हा प्रश्न पडला नसावा. त्यांनी याच शहरात बोर्डिंगं काढली, कुस्तीचं खासबाग मैदानही उभं केलं. १९०६ मध्ये मोहमेडन एज्युकेशन सोसायटी निघाली, मुस्लिम मुलांच्या वसतिगृहाची सोय झाली, तीही त्यांच्याच पुढाकाराने. दोन्ही अर्थांच्या तालमी एकाच माणसाने पोसल्या. पण वसतिगृह वसतिगृहाच्या जागी राहिलं आणि आखाडा आखाड्याच्या. या शब्दाचे दोन्ही अर्थ एकाच जागी, एकाच माणसांच्या आयुष्यात मिसळलेले मला सापडले ते फार लांब. कोल्हापुरातही नाही, हिंदुस्थानातही नाही. एका तुरुंगात.

दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाऊनसमोर, किनाऱ्यापासून सुमारे ७ किलोमीटरवर रॉबेन बेट आहे. मंडेलांमुळे त्याचं नाव सगळ्यांना माहीत असतं. त्याआधीची गोष्ट कमी जणांना ठाऊक असते. डच ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या पूर्वेकडच्या वसाहतींमधून नको असलेली माणसं केपकडे हाकलली. त्यांत राजे होते, इमाम होते, साधे गुलामही होते. काही आजच्या इंडोनेशियातून आणले, काही आपल्या बंगाल आणि मलबारच्या किनाऱ्यावरूनही. केपच्या मुस्लिम समाजाची मुळं या माणसांत आहेत. मदुरा बेटाचे सय्यद अब्दुर्रहमान मोतुरू यांना अठराव्या शतकात रॉबेन बेटावर ठेवलं, तिथेच १७५४ मध्ये त्यांचा इंतकाल झाला. त्यांच्या नावाची मजार तुरुंगाच्या जवळच आहे. भाषा शिकवणारी म्हणून आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. आफ्रिकान्स ही गोऱ्या सत्तेची आणि या तुरुंगातल्या पहारेकऱ्यांची भाषा. ती लिहिण्याचे अगदी सुरुवातीचे प्रयत्न झाले ते केपच्या मदरशांमध्ये, अरबी लिपीत.

१९६० मध्ये शार्पव्हिल इथे पोलिसांनी गोळीबार करून ६९ माणसं मारली. आफ्रिकन नॅशनल काँग्रेस आणि पॅन आफ्रिकनिस्ट काँग्रेस या दोन्ही संघटनांवर बंदी आली आणि पुढच्या काही वर्षांत रॉबेन बेट राजकीय कैद्यांनी भरलं. मंडेला, सिसुलू, अहमद कथराडा ही मोठी मंडळी वेगळ्या विभागात होती. बाकीचे शेकडो जण सामाईक कोठड्यांत. त्यांत शिक्षक होते, कामगार होते, अक्षरओळख नसलेले खेडूत होते आणि मिसरूड न फुटलेली मुलंही होती. दगडाच्या खाणीत दिवसभर दगड फोडायचे, त्याच दगडांनी स्वतःचा तुरुंग बांधायचा. जेवणसुद्धा वर्णानुसार. भारतीय आणि मिश्रवंशीय कैद्यांना पाव आणि लांब पँट, आफ्रिकन कैद्यांना पाव नाही आणि थंडीतही अर्धी चड्डी. शाळेतल्या पोराची असते तशी. मोठ्या माणसाला 'पोरगा' करून टाकायची ही सोपी युक्ती.

या सामाईक कोठड्यांत सेदिक आयझॅक्स होते. केपच्या मुस्लिम समाजातला तरुण, शाळेत गणित आणि विज्ञान शिकवणारा. १९६४ मध्ये सरकारविरोधी कटात पकडले गेले, १२ वर्षांची शिक्षा झाली. शिक्षा झाली म्हणून त्यांच्यातला मास्तर काही सुटला नाही. त्यांच्यासारख्यांनी कोठडीत वर्ग सुरू केले. ज्याला जे येतं ते त्याने दुसऱ्याला शिकवायचं, एवढाच नियम. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांचा कागद वहीसाठी वापरायचा. ज्यांच्याकडे पैसे आणि परवानगी होती ते युनिसा या विद्यापीठाचे पत्राने अभ्यासक्रम घेत, आणि ज्यांना परवानगी नाही त्यांच्या हातात तीच पुस्तकं गुपचूप जात. पकडलं गेलं की अभ्यासाची सवलत रद्द. तरीही पुस्तकं फिरत राहिली.

फुटबॉल याच कोठड्यांत सुरू झाला. चिंध्या आणि कागद यांचा बोळा करून, पहारेकऱ्याची पाठ वळली की. मग १९६४ च्या अखेरीपासून कैद्यांनी रीतसर मागणी सुरू केली: आम्हाला मैदानावर खेळू द्या. नकार आला. पुन्हा मागणी, पुन्हा नकार. कधी मागणाऱ्याचं जेवण तोडलं. रेड क्रॉसचे प्रतिनिधी पाहणीला आले की त्यांच्यापुढेही हाच विषय. असं तीन वर्षं चाललं. दर आठवड्याला तीच मागणी, तेवढ्याच सभ्य शब्दांत. शेवटी डिसेंबर १९६७ मध्ये शनिवारी खेळायची परवानगी मिळाली.

एरवी गोष्ट इथे संपली असती. बिचाऱ्या कैद्यांना चेंडू मिळाला, चार घटका विरंगुळा झाला. पण या माणसांनी चेंडू मिळाल्यावर जे केलं ते पाहून मी पुस्तक मिटून बसले होते. त्यांनी घटना लिहायला घेतली.

मैदान त्यांनी स्वतः सपाट केलं. समुद्राने किनाऱ्यावर फेकलेल्या मासेमारीच्या जाळ्यांतून गोलचं जाळं बनवलं. आणि १९६९ मध्ये मकाना फुटबॉल असोसिएशन स्थापन झाली. मकाना हा एकोणिसाव्या शतकातला झोसा योद्धा. इंग्रजांनी त्याला याच बेटावर डांबलं होतं आणि पळून जाताना तो समुद्रात बुडाला. तुरुंगाच्या ग्रंथालयात फिफाच्या नियमांचं पुस्तक होतं, ते प्रमाण मानायचं ठरलं. इथे एक विरोधाभास आहे. देशाच्या गोऱ्या फुटबॉल संघटनेला फिफाने वर्णभेदामुळे १९६४ मध्ये निलंबित केलं, १९७६ मध्ये काढूनच टाकलं. म्हणजे त्या देशात फिफाचे नियम मनापासून पाळणारी माणसं होती ती तुरुंगात.

असोसिएशनला अध्यक्ष, सचिव, खजिनदार. अनेक क्लब. प्रत्येक क्लबची स्वतःची घटना, स्वतःचे रंग, स्वतःची कार्यकारिणी. संघांच्या तीन श्रेण्या, म्हणजे जो फार बरा खेळत नाही त्यालाही तिसऱ्या श्रेणीत जागा. रेफ्रींची वेगळी संघटना. शिस्तपालन समिती. तक्रार आली तर सुनावणी, सुनावणीवर अपील. आणि सगळं लेखी! शेजारच्या कोठडीतल्या माणसाला 'प्रिय महोदय' म्हणून पत्र जायचं. दुपारी ज्याच्यासोबत एका घमेल्यात दगड भरले, त्यालाच संध्याकाळी सचिव या नात्याने कळवायचं की आपल्या संघाचे अमुक खेळाडू वेळेवर हजर नव्हते, तरी लेखी खुलासा करावा.

वाचताना आधी हसू येतं. मग लक्षात येतं की ज्याला दिवसभर नंबरने किंवा शिवीने हाक मारली जाते, त्याला कुणीतरी 'महोदय' लिहितंय.

एक भानगड मात्र सविस्तर सांगायला हवी. १९७० च्या अखेरीस एक बाद फेरीची स्पर्धा होती. अटलांटिक रेडर्स हा बड्या खेळाडूंचा संघ. ब्लू रॉक्स हा त्यांच्यापुढे अगदीच साधा. ब्लू रॉक्सचा एक गोल झाला, तो गोल नियमाला धरून नव्हता असं रेडर्सचं म्हणणं, पण रेफ्रीने दिला तो दिला आणि रेडर्स हरले. त्यांनी तक्रार केली, ती फेटाळली गेली. मग पुढच्या सामन्याच्या दिवशी रेडर्सचे खेळाडू मैदानावर जाऊन चक्क आडवे झाले. सामना होऊ देणार नाही!

ही माणसं वर्णभेदाविरुद्ध लढून आलेली, निदर्शनं, धरणं यांत मुरलेली. आता तेच हत्यार त्यांनी आपल्याच संघटनेवर उगारलं. असोसिएशनपुढे पेच पडला. सोडून द्यावं तर नियमाला अर्थ उरत नाही. पहारेकऱ्यांना सांगून उचलायला लावावं तर मग त्यांच्यात आणि आपल्यात फरक काय? त्यांनी तिसरा रस्ता धरला. आरोपपत्र ठेवलं, सुनावणी घेतली, बचावाला बोलू दिलं, साक्षी झाल्या, अपील झालं. हे प्रकरण काही महिने चाललं. कागदांचा ढीग झाला. खेळ बाजूला राहिला, मैत्र्या तुटायची वेळ आली, आणि वाचताना मलाही एका टप्प्यावर वाटलं की पुरे आता, एका गोलसाठी किती ते. पण त्या देशात काळ्या माणसाला न्यायालय म्हणजे काय याचा जो अनुभव होता, तो आठवा. यांतल्या बऱ्याच जणांना काही मिनिटांत दहा-दहा वर्षांची शिक्षा ऐकवली गेली होती. आरोपीचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घेणारं न्यायासन त्यांच्यातल्या कित्येकांनी पहिल्यांदा पाहिलं ते या फुटबॉलच्या भांडणात, आणि तिथे बसलेलेही तेच होते.

पक्षांचाही प्रश्न होता. काँग्रेसवाले आणि पॅन आफ्रिकनिस्ट एकमेकांशी धड बोलत नसत. सुरुवातीचे काही क्लबही पक्षावरून ओळखले जायचे. मग मानोंगसारख्या क्लबने पक्ष न बघता खेळाडू घ्यायला सुरुवात केली. बचाव फळीला चांगला माणूस हवा असेल तर तो कोणत्या पक्षाचा हे फार काळ बघता येत नाही. आणि असोसिएशनच्या बैठकीत तर दोन्हीकडच्यांना शेजारी बसून वेळापत्रक ठरवावंच लागायचं.

या बेटावर आलेल्या मुलांपैकी एक होता दिकगांग मोसेनेके. १९६३ मध्ये अटक झाली तेव्हा वय १५. आमच्या दहावीतल्या मुलाएवढा. शिक्षा १० वर्षं. त्याने मॅट्रिक तुरुंगात केली, बी.ए. तुरुंगात केलं, कायद्याची पदवीही तिथूनच. आजूबाजूला आयझॅक्ससारखी शिकलेली मोठी माणसं होती, ती शिकवत होती, टोकत होती. विशीतला हा पोरगा मकाना असोसिएशनचा अध्यक्ष झाला. बापाच्या वयाच्या कैद्यांच्या तक्रारी ऐकायच्या, ठराव मांडायचे, मतं मोजायची. १९७३ मध्ये सुटला, वकील झाला. १९९३ च्या अंतरिम राज्यघटनेच्या मसुद्यावर काम करणाऱ्यांत तो होता. २००५ मध्ये दक्षिण आफ्रिकेचा उपसरन्यायाधीश झाला.

आपल्याकडे खेळातून नेतृत्व घडतं असं म्हणतात तेव्हा डोळ्यांपुढे कप्तान असतो. गॅदरिंगला पाहुणे येतात, टीमवर्क वगैरे बोलतात, कप्तानाला ढाल मिळते. रॉबेन बेटाचे कागद वेगळंच सांगतात. तिथे नेता घडला तो पत्र लिहिणारा सचिव, शिव्या खाऊनही शिटी न सोडणारा रेफ्री, हरलेल्याचं अपील वाचणारा समितीतला माणूस. ज्याला पायाने खेळता येत नव्हतं त्यालाही असोसिएशनमध्ये काम होतं. आयझॅक्स स्वतः प्रथमोपचाराच्या पथकात होते. दगडगोट्यांचं मैदान, उपाशी शरीरं, दुखापती रोजच्या. पुढे सगळ्या खेळांच्या सामाईक समितीचं काम त्यांनी पाहिलं, उन्हाळी क्रीडास्पर्धा भरवल्या. ते गणिताचे मास्तर, नोंदी ठेवण्यात पक्के असणारच.

मात्र खेळाच्या नावाने मी जादूचा ताईत विकत नाही. याच मकाना असोसिएशनमध्ये रेंजर्स क्लबचा एक कप्तान होता, जो रेफ्री म्हणूनही काम करायचा. शाळेचं तोंड त्याने जवळजवळ पाहिलं नव्हतं, लिहिणं-वाचणं बेटावर पक्कं केलं. त्याचं नाव जेकब झुमा. पुढे तो देशाचा राष्ट्राध्यक्ष झाला. आपल्या खाजगी घरावर सरकारी पैसा खर्च झाल्याच्या प्रकरणात ३१ मार्च २०१६ रोजी घटना न्यायालयाने निकाल दिला की राष्ट्राध्यक्षांनी राज्यघटनेचं पालन केलं नाही. त्या खंडपीठावर उपसरन्यायाधीश मोसेनेके बसले होते. एकाच मैदानावरची, एकाच नियमपुस्तकावर वाढलेली दोन माणसं. एक न्यायासनावर, एक समोर. म्हणून कुणी मला 'खेळामुळे चारित्र्य घडतं' असं छातीठोक सांगायला लागलं की मी हळूच हा निकाल पुढे करते. तरी एक गोष्ट मला त्यात दिसते. निकाल लागला, तो वाचून दाखवला गेला, आणि झुमांना पैसे भरावे लागले.

मंडेला आणि कथराडा यांना या सामन्यांत खेळता आलं नाही. वेगळ्या विभागातल्यांना मैदानावर यायची बंदी होती. काही दिवस ते लांबून खिडकीतून बघायचे, ते लक्षात आल्यावर मध्ये भिंत उभी राहिली. नंतरच्या पिढीतले काही जण मात्र याच मैदानावर खेळले. त्यांतले मोसिउआ लेकोटा पुढे संरक्षणमंत्री झाले. त्यांना सगळे 'टेरर' म्हणतात. हे नाव राजकारणातलं नव्हे, फुटबॉलमधल्या त्यांच्या आक्रमक खेळामुळे पडलेलं.

आयझॅक्स १९७७ मध्ये सुटले. सुटल्यावरही काही वर्षं सरकारी निर्बंध होते. मग पुन्हा अभ्यास, डॉक्टरेट, आणि केपटाऊनच्या ग्रूट स्कुअर रुग्णालयात वैद्यकीय माहितीशास्त्राचं काम. तुरुंगातल्या दिवसांवर त्यांनी आत्मकथन लिहिलं. २०१२ मध्ये ते वारले. त्याआधी २००७ मध्ये, मंडेलांच्या ८९ व्या वाढदिवशी, फिफाने मकाना असोसिएशनला मानद सदस्यत्व दिलं. पेले त्या दिवशी बेटावर आले होते.

असोसिएशनची कागदपत्रं वाचली हे नशीबच म्हणायचं. वेस्टर्न केप विद्यापीठात सुमारे ७० खोक्यांमध्ये ती ठेवलेली होती. नव्वदच्या दशकात चक कोर नावाच्या अमेरिकन इतिहासकाराने ती उघडली, तेव्हा कुठे बाहेरच्या जगाला नीट कळलं. गुणतक्ते, सामन्यांचे अहवाल, माफीनामे, राजीनामे, परत घेतलेले राजीनामे. आपल्या तालमींनी आणि मंडळांनी असे कागद जपले असते तर कोल्हापूरच्या फुटबॉलचा इतिहास लिहायला म्हाताऱ्या खेळाडूंच्या आठवणींवर अवलंबून राहावं लागलं नसतं, हा विचार मनातून जात नाही.

यंदा जानेवारीत मी पीटीचा तास मागितला नाही. वर्गाला म्हटलं, तास तुमचा, पण चेंडू फाटलेला आहे, नवा हवा तर मुख्याध्यापकांना लेखी अर्ज करा. पहिला अर्ज आला त्यात तारीख नव्हती आणि 'विषय' या ओळीत नुसतं 'बॉल' लिहिलं होतं. परत पाठवला. दुसऱ्यात शुद्धलेखनाच्या अकरा चुका, लाल शाईने खुणा करून परत. वर्गातला जो मुलगा कधीच कुठल्या संघात नसतो, त्याने तिसरा अर्ज लिहिला, मराठीत, आणि त्याची एक प्रत उर्दूत. मुलांनी त्यालाच सचिव केलं. शनिवारी चेंडू आला.

आता दोन गटांत एका गोलवरून भांडण पेटलंय आणि दोघांचेही अर्ज माझ्या टेबलावर पडलेत. सुनावणी सोमवारी मधल्या सुट्टीत आहे.